अकरा पायऱ्या

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी मी मुलांना पुनरुत्थानाचं चित्र काढायला बसवलं होतं. गोव्यातल्या आमच्या राय गावात आणि आसपास घाटावरून कामाधंद्याला आलेली सात-आठ मराठी ख्रिस्ती कुटुंबं राहतात. त्यांची मुलं चर्चमधल्या कोंकणी दोतोर्नीला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जातातच, पण घरची प्रार्थना मराठीत, म्हणून रविवारची जेवणं आटोपली की ती आमच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, जमतात आणि मी त्यांना जमेल तसं मराठीतून शिकवते. त्या दिवशी बाहेरच्या चिऱ्याच्या पायऱ्या इतक्या तापल्या होत्या की मुलं उड्या मारतच वर आली. सगळ्यांची चित्रं साधारण सारखी होत होती: उघडी कबर, बाजूला लोटलेली धोंड, मागे सूर्य, खाली फुलं. एक मुलगा मात्र, नऊ वर्षांचा, मुळात कमी बोलणारा, मेणाच्या खडूंनी अख्खा कागद तपकिरी करत बसला होता. मधोमध एक मोठं काळपट भोक, त्यात आडव्या रेघा आणि त्या रेघांवरून वर येणारा एक माणूस, तोही तपकिरीच. मी म्हटलं, "अरे, प्रभू उठला तो दिवस ना हा? नवं जीवन. थोडं हिरवं कर की. आणि येशूचे कपडे पांढरे असू देत." त्यानं मान वर केली, अंगणाकडे पाहिलं आणि विचारलं, "पण टीचर, आत्ता हिरवं कुठंय?" मी काही बोलले नाही. त्याच्यापुढे हिरव्या पाण्याच्या रंगाची वाटी आणि कुंचला सरकवला. मेणावर पाण्याचा रंग धरेना, थेंब थेंब होऊन घरंगळत राहिला. तरी तो मुकाट्यानं फिरवत राहिला, मी सांगितलं म्हणून.

ते "कुठंय" माझ्या मनातून गेलं नाही.

मुलं गेल्यावर मी त्याच जागी बसून अंगणाकडे पाहिलं. एप्रिलमधली सासष्टी, आमचा तालुका. शेतात भाताचे कापलेले बुडखे, त्यावर राखेसारखी धूळ. कुठेतरी कोणीतरी पाचोळा पेटवलेला, त्याचा धूर सरळ वर जातोय कारण वाराच नाही. काजूच्या बोंडूंचा तो गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास. फणस बुंध्याला लटकलेले, आंब्याला कैऱ्या, म्हणजे झाडं आपलं काम करताहेतच, पण जमिनीवर बघावं तर सगळं भाजून निघालेलं. आमच्या विहिरीत कळशी सोडली की आधी खडखड ऐकू येते आणि मग पाणी लागतं. सासूबाई सकाळी वापरलेलं पाणी संध्याकाळी माडाच्या आळ्यात घालतात, एक थेंब वाया जाऊ देत नाहीत. मुलाचं खरंच होतं. हिरवं कुठेच नव्हतं. मग मी त्याला हिरवं करायला का लावलं?

याचं उत्तर शोधताना मला श्रीरामपूर तालुक्यातलं आमचं घर आठवलं. मी तिथली, लग्न होऊन गोव्यात आले. लहानपणी मिशनच्या शाळेत परदेशातून आलेली जुनी शुभेच्छापत्रं आम्हाला बक्षीस म्हणून मिळायची. ईस्टरच्या पत्रांवर पिवळी फुलं, कोवळं गवत, कोकरं, अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं. नाताळच्या पत्रांवर बर्फ. मी ती पत्रं उशाखाली ठेवायची आणि खिडकीतून बाहेर पाहिलं की भेगाळलेली काळी जमीन आणि भर उन्हात निघालेला पाण्याचा टँकर. माझ्या मनात तेव्हाच एक गोष्ट पक्की बसली होती, की प्रभूचे सण खरे दुसरीकडे होतात आणि आपल्याकडे फक्त त्यांची तारीख येते. हे मी कधी कोणाला बोलले नाही. पण चाळीस वर्षांनी एका मुलाच्या कागदावर मी तेच परदेशी गवत उगवायला लावलं.

चर्चच्या सणांभोवतीच्या बऱ्याच चालीरीती थंड मुलुखात घडल्या, हे काही खोटं नाही. नाताळआधीच्या आगमनकाळातल्या मेणबत्त्या जिथे पहिल्यांदा पेटल्या, तिथे डिसेंबरात दुपारीच अंधारून येतं. आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात छोटा दिवस यांत फरक पावणेदोन तासांच्या आसपास. इथला डिसेंबर म्हणजे वर्षातला सगळ्यात सुखाचा महिना. रात्री अंगावर चादर घ्यावीशी वाटते, घराघरांवर कागदी नक्षत्रं लागतात, मुलं ताटलीत नाचणी पेरतात आणि तिचे कोवळे हिरवे कोंब गोठ्याच्या देखाव्यात मांडतात. अंधारातून प्रकाशाकडे म्हणावं, तर अंधार असतोच कुठे? आणि ईस्टरला वसंत म्हणावं, तर वणवा. फक्त चंद्र तेवढा सगळीकडे सारखा. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, असा ईस्टरचा हिशोब. म्हणजे ती पौर्णिमा कधी होळीची असते, कधी चैत्राची. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथसेमानीच्या बागेत प्रभू जागला तो याच चंद्राखाली, हे समजलं तेव्हा मला फार आधार वाटला होता. पवित्र गुरुवारी रात्री आराधना संपवून चर्चबाहेर आलं की शेतावर तेच चांदणं सांडलेलं असतं आणि पलीकडच्या वाड्यावरून शिगम्याच्या ढोलांचा किंवा मारुतीच्या देवळातल्या भजनाचा आवाज येत असतो.

आमच्या राय गावचं चर्च हिमाच्या मातेचं आहे. एकदा ऑगस्टच्या उकाड्यात रोममधल्या एका टेकडीवर रातोरात बर्फ पडलं आणि त्या जागी मरियामातेचं मंदिर उभं राहिलं, अशी ती परंपरा. ज्या गावानं कधी गारही नीट पाहिली नाही, त्या गावाची आई हिमाची. तिचा सण 5 ऑगस्टला. आणि त्याच दिवशी आमच्याकडे कणसांचं फेस्त, म्हणजे नव्या भाताचा सण. फादर शेतात उतरून विळ्यानं पहिली कणसं कापतात, वाजतगाजत ती चर्चमध्ये आणतात, आशीर्वाद देतात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कणीस येतं. ते घरी आणून आम्ही खुरसामागे, म्हणजे क्रुसामागे, खोवतो. काही दिवसांनी गणपतीची चवथ येते, शेजारच्या हिंदू घरांत नव्याची कणसं दाराला लागतात, आणि मग अख्ख्या वाड्यावर दोन्हीकडे एकाच शेतातलं भात. पहिल्या वर्षी मी नवी सून म्हणून डोकीवर छत्री धरून उभी होते, पाय घोट्यापर्यंत चिखलात, आणि वरून फादर हिमाबद्दल प्रवचन करत होते. मला ते विसंगत वाटलं होतं. आता वाटत नाही. ऑगस्टमधलं हिम हे रोमलाही नवलच होतं. ते ऋतूप्रमाणे आलं नव्हतं, ऋतू मोडून आलं होतं.

राय सोडून थोडं पुढे गेलं की रायतूर, इथले लोक राशोल म्हणतात. किल्ल्याची कमान, मग टेकडीवरची सेमिनरी, खाली जुवारीचं संथ पाणी. मन भरून आलं की मी तिथे जाऊन बसते. याच रायतूरला 1616 साली फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळजवळ 11 हजार मराठी ओव्या, रोमन लिपीत. हा माणूस इंग्लंडचा. 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये इथेच वारला. चाळीस पावसाळे. ती शुभेच्छापत्रांवरची फुलं, ते बर्फ, तो वसंत त्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेला. आणि तरी त्याला प्रभूची गोष्ट सांगावीशी वाटली ती ओवीत, म्हणजे जात्यावर बसलेल्या बाईच्या लयीत. त्यानं आपला वसंत आमच्यावर लादला नाही. मी मात्र माझ्याच मुलखातल्या, माझीच भाषा बोलणाऱ्या पोराला त्याच्या अंगणाबाहेरचा रंग दिला. रायतूरच्या कठड्यावर बसून हे मनात आलं आणि मला खरंच वाईट वाटलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. सोळा वर्षं झाली. मी निरोप मिळताच गावी पोचले. चर्चमध्ये वेदी पांढऱ्या फुलांनी सजलेली, मोठी ईस्टर मेणबत्ती जळतेय, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात बंद ठेवलेलं "आलेलुया" परत सुरू झालेलं. पुनरुत्थानाचा आनंद पन्नास दिवस साजरा करायचा असतो, हे मीच मुलांना शिकवलेलं. पण माझ्या तोंडून ते एक अक्षर फुटेना. बाहेर जमीन फुटलेली, कबर खणणाऱ्यांची पहार ठणठण वाजत होती, आणि आत सगळे प्रभू उठला म्हणून गात होते. त्या दिवशी मला पंचांगाचा राग आला. उपवासकाळात गेले असते तर निदान जांभळ्या वस्त्रांत माझ्या दुःखाला जागा मिळाली असती, असं वाटलं. हा राग बरीच वर्षं माझ्यापाशी राहिला. फादरांपुढच्या कबुलीजबाबातही मी तो अर्धाच सांगितला.

दादांची एक आठवण त्या रागाच्याही खाली होती. आमची विहीर दर उन्हाळ्यात तळ गाठायची आणि तेव्हाच दादा गाळ काढायला उतरायचे. पाणी असताना गाळ काढता येत नाही. विहीर आटली की तिच्याशी बोलायची वेळ झाली, असं ते म्हणायचे. आम्ही भावंडं काठावर पालथी पडून खाली पाहायचो. खाली काळोख, टोपल्यांचा आवाज, मध्येच त्यांचा खोकला. घमेली भरून वर यायची, त्यातल्या चिखलाला एक थंड, कुजका, तरी हवाहवासा वास असायचा. संध्याकाळी ते स्वतः वर यायचे. अंगभर चिखल, फक्त डोळे आणि दात दिसताहेत. मला दरवेळी क्षणभर भीती वाटायची, हे आपले दादाच ना? मग ते हाक मारायचे आणि भीती जायची.

मे महिन्यात इथे रस्त्याकडेच्या खुरसांपुढे लादायीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, असते. खुरसाला नवा चुना लागतो, झेंडूच्या माळा चढतात, तिन्हीसांजेला वाड्यावरची माणसं जमतात. व्हायोलिन सुरू झालं की म्हाताऱ्या बायका लॅटिनमधली लितानी पाठ म्हणतात, सगळ्यांच्या पाठीवर घामाचे ओघळ, डोक्यावर डासांचं मोहोळ. संपल्यावर द्रोणात उकडलेले चणे मिळतात, खोबऱ्याचे तुकडे घातलेले. यंदाच्या लादायनीत मी सासूबाईंच्या शेजारी उभी होते. झाडीतून पावशा ओरडत होता, पेरते व्हा, पेरते व्हा. आकाशात ढगाचं नखही नव्हतं. सासूबाई चणे चावत म्हणाल्या, "बाय, ह्याला कोण सांगतं गो? पाऊस दिसत नाही आणि हा आधीच बोंबलतोय." त्या सहज बोलल्या. मला मात्र तिथल्या तिथे दादांच्या मातीचा दिवस आठवला. बाहेरची पहार, आणि आतलं आलेलुया.

थंड मुलखातल्या माणसाला ईस्टरच्या सकाळी दार उघडलं की साक्ष मिळते. बर्फ वितळलेलं, कळ्या आलेल्या, अख्खी सृष्टी सांगते की होय, उठला. आमच्याकडे साक्षीला कोणी नसतं. शनिवारी रात्रीच्या जागरणात फादर पाण्याला आशीर्वाद देतात, जळती मेणबत्ती पाण्यात उतरवतात, आणि आम्ही ते पाणी अंगावर घेऊन घरी येतो तर विहिरीत खडखडाट. प्रभू उठला हे आम्हाला नुसतं ऐकूनच मानावं लागतं, जसं त्या पहिल्या सकाळी कबरीकडून धावत आलेल्या बायांच्या तोंडून बाकीच्यांना ऐकावं लागलं, आणि त्यांना ते खरं वाटेना. मग पन्नास दिवस जातात. मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं, पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी, मीठ, मिरच्या, सोलं घरात येऊन पडतात. सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज होऊन पवित्र आत्मा उतरला, त्या पेंटेकॉस्टचा सण येतो. आणि त्याच दिवसांत, थोडं मागेपुढे, आमच्याकडे खरोखरचा वारा सुटतो. माड वाकतात, वीज जाते, कौलं खणखणतात, समुद्राकडून काळं काहीतरी चालत येतं. ज्याला हा वारा माहीत आहे त्याला प्रेषितांच्या कृत्यांमधला तो दुसरा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वीस वर्षं लागली. पेंटेकॉस्टच्या दुसऱ्या दिवसापासून सामान्य काळ, म्हणजे मोठ्या सणांबाहेरचा काळ, पुन्हा सुरू होतो आणि फादर हिरवी वस्त्रं घालतात. अगदी तेव्हाच, जेव्हा शेतं हिरवी व्हायला लागतात. ही काही कोणी गोव्यासाठी केलेली व्यवस्था नव्हे. नोव्हेंबरात शेतं कापून पिवळी पडली तरी वेदीवर हिरवंच असतं, तेव्हा जुळवाजुळव फार ताणू नये हेही कळतं. पण जूनमधल्या त्या एका रविवारी चर्चच्या उघड्या दारातून मागे रोपांचा हिरवा आणि पुढे झग्याचा हिरवा दिसला, तेव्हा मी बाकावर बसून रडले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रभर असा पाऊस कोसळला की झडीनं बाल्कांवातली भिंत ओली झाली. मुलांची चित्रं मी तिथेच टाचण्यांनी लावून ठेवली होती, ईस्टरपासून. सकाळी घाईनं काढायला गेले. बऱ्याच कागदांचा लगदा झाला होता, फुलं आणि सूर्य एकमेकांत मिसळून गेले होते. त्या मुलाचा कागद ओला होता पण शाबूत होता. हिरवा रंग सगळा धुऊन खाली ओघळला होता, भिंतीवर त्याचा एक फिकट ओघ होता. मेणाचं तपकिरी जसंच्या तसं. मी तो कागद हातात धरून पहिल्यांदा नीट पाहिला. ती कबर नव्हतीच. ती विहीर होती. आत आडव्या रेघा म्हणजे उतरायला भिंतीतून पुढे काढलेले चिरे. मी मोजले, अकरा. आणि वर येणाऱ्या माणसाच्या अंगावरचं तपकिरी म्हणजे चिखल.

योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय की मरिया माग्दालेना कबरीपाशी रडत होती, मागे वळली, समोर येशू उभा होता आणि तिला तो माळी वाटला. ही ओळ मी शेकडो वेळा वाचली, वर्गात सांगितली. झळझळीत पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाला कोण माळी समजेल? त्याच्या हातांना माती असली पाहिजे. नखांत माती असली पाहिजे. त्यानं हाक मारली, "मरिये", तेव्हा तिनं ओळखलं. भिजलेला कागद हातात, पाठीवर झडीचे तुषार, आणि मला काठावर पालथी पडलेली मी दिसले, खालून वर येणारा तो चिखलाचा माणूस दिसला आणि हाक ऐकू आली.

सांजावाला, म्हणजे संत योहानाच्या सणाला, 24 जूनला, त्या मुलाच्या आईनं आम्हाला बोलावलं. ते एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतात, विहीर सगळ्यांची मिळून. मरियामातेचा आवाज कानी पडताच एलिझाबेथच्या उदरात बाळ योहानानं आनंदानं उडी मारली, म्हणून या दिवशी इथे विहिरीत उड्या मारायच्या. आम्हा घाटावरच्यांना आधी हे नवल वाटतं, मग आवडायला लागतं. घुमटं वाजत होती, डोक्यांवर फुलापानांचे कोपेल, पाऊस बारीक बारीक, फणसाच्या गऱ्यांचा आणि फेणीचा वास. मुलाचे वडील पाण्यात आधीच उतरून उभे होते, पोरांना झेलायला. त्याची आई मला पातोळी देताना म्हणाली, "मार्चात मालकांनी ह्यांनाच गाळ काढायला सांगितला होता. पाच दिवस उतरत होते. हा काठावरून हलायचा नाही. शाळेतही जाईना. बाप वर येईतोवर जेवायचा नाही."

मी त्याला म्हटलं, "तुझं चित्र मी जपून ठेवलंय. हिरवा रंग गेला त्याचा." तो काही बोलला नाही. कोपेल सरळ केला, काठावर चढला, "व्हिवा सांजाव" म्हणून ओरडला आणि पाय जवळ घेऊन उडी टाकली. पाणी उसळून आमच्या पायांवर आलं. त्याच्या वडिलांनी त्याला धरलं, त्यानं केस मागे सारले, आणि खालूनच मोठ्यानं हाक मारली, "टीचर, तेव्हा अकरा होत्या. आता मोजा!"

मी ओल्या कठड्याला धरून वाकले. चार पायऱ्या दिसत होत्या. पाचवी पाण्याखाली होती, पण तिचा चिरा अजून दिसत होता.